गंधमुक्तीच्या पुस्तकाची लेखिका

आमच्याकडे माणूस गेलं, सुतक फिटलं, की घरच्यांना गंध लावायचा दिवस ठरतो. त्याला गंधमुक्ती म्हणतात. त्या दिवशी आल्या-गेल्याला जेवण असतं आणि निघताना हातात एखादं स्टीलचं भांडं नि भजनांचं एक पातळ पुस्तक ठेवतात. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर गेलेल्या माणसाचा फोटो, खाली 'यांच्या स्मरणार्थ', दोन्ही बाजूंना पेटलेल्या समया. धुळे-जळगावकडच्या कुठल्याही घरात देवाच्या फळीवर अशी चार-दोन पुस्तकं असतातच. ती कोणी विकत घेत नाही आणि कोणी टाकूनही देत नाही. मेलेल्या माणसाचा फोटो रद्दीत घालायचा तरी कसा?

त्यातलं एक पुस्तक माझ्या मायचं आहे. फोटो तिचा नाही; आतली भजनं तिची आहेत.

माय पारोळ्याला माझ्या मोठ्या भावाकडे राहते. शाळा तिची लवकर सुटली, पण शब्द सुटले नाहीत. भजनी मंडळात बसली की दुसऱ्यांची भजनं म्हणता म्हणता स्वतःचं जोडून द्यायची, आणि आठवड्याभरात बाकीच्या बाया तेच म्हणायला लागायच्या. 'राख काढ वं बाई, मंग चूल पेटाड' हे तिचं. आमचे आजोबा, म्हणजे तिचे सासरे, गेले तेव्हा पाहुण्यांतलं कोणीतरी म्हणालं, घरात सून एवढी भजनं रचते, मग विकतचं पुस्तक कशाला वाटता? तिनं म्हणून दाखवली आणि धुळ्याच्या छापखान्यातल्या माणसानं बसून उतरवून घेतली. मुखपृष्ठावर आजोबा आले. शेवटच्या पानावर 'शोकाकुल' म्हणून घरातल्या झाडून सगळ्या पुरुषांची नावं आली, रांगत्या पुतण्यासकट. मायचं नाव कुठेच आलं नाही. ते कोणाला खटकलंही नाही. सासऱ्याच्या पुस्तकावर सुनेचं नाव कसं घालणार?

पुस्तक लोकांना आवडलं. छापखानेवाल्यानं आतली पानं तशीच ठेवली. पुढं ज्याच्या घरी मयत होई तो येऊन म्हणे, "ते चुलीच्या भजनाचं द्या." नवा फोटो, नवं नाव, नवे शोकाकुल, आत तीच माय. पारोळा झालं, पाचोरा झालं, नशिराबादेपर्यंत ते पुस्तक गेलं. माय लोकांच्या गंधमुक्तीला जायची आणि येताना स्वतःचीच भजनं घेऊन यायची, वर कोणा सुताराचा नाहीतर तलाठ्याचा फोटो. एकदा म्हणाली, "भांडं बरं शे, पुस्तक तं घरनंच शे."

माझे वडील गेले तेव्हाही तेच पुस्तक निघालं. भाऊ छापखान्यात जाऊन फोटो देऊन आला. मी त्याला नंतर विचारलं, आता तर घरातलंच कार्य होतं, आता तरी तिचं नाव टाकायचं होतंस? तो म्हणाला, "त्या गडबडीत कोणाला सुचतं?" खरं आहे. मलाही सुचलं नव्हतं.

मी जळगावला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. इंटरनेटवर जगभरच्या लोकांनी मिळून भरायचं माहितीचं एक मोठं खुलं कोठार आहे. तिथं कोणीही नोंद करू शकतं आणि कोणीही दुसऱ्याची नोंद सुधारू शकतं. पगार नाही, हजेरी नाही. दुपारी जेवणाचा डबा संपला की मी तिथं मराठी पुस्तकांच्या नोंदी करते. नवरा म्हणतो, घरचं खाऊन लष्कराच्या भाकरी. भाजतेच मुळी.

तिथं पुस्तक नुसतं पुस्तक नसतं, त्याचे तीन मजले असतात. सगळ्यात वर कृती, म्हणजे जे रचलं गेलं ते, कागदाशी त्याचा संबंध नाही. त्याखाली आवृत्ती, म्हणजे अमुक छापखान्यानं अमुक रूपात छापलं ते. आणि सगळ्यात खाली प्रत, म्हणजे तुमच्या फळीवरचं, हळदीचा डाग पडलेलं ते एकच. लेखकाचं नाव लागतं ते वरच्या मजल्यावर.

एक दिवस मला तिथं आमची भजनं दिसली. कोणीतरी हौशी माणसानं घरोघरची गंधमुक्तीची पुस्तकं गोळा करून चढवली होती, आणि मुखपृष्ठावर ज्याचा फोटो त्याला लेखक करून टाकलं होतं. परक्या माणसाला काय कळणार? पुस्तकावर नाव एकच, फोटो एकच, तोच लेखक. त्या हिशोबानं चुलीचं भजन एका पैलवानानं लिहिलं होतं, एका किराणा दुकानदारानं लिहिलं होतं, आणि माझ्या आजोबांनीही लिहिलं होतं, ज्यांनी जन्मात चूल पेटवली नाही. एकाच कृतीच्या डझनभर वेगळ्या कृती झाल्या होत्या. माझं डोकंच फिरलं.

मी ते सगळं आवरायला घेतलं. माझ्यासोबत आणखी एक जण होता, टोपणनावानं लिहिणारा, शुद्ध मराठीतला, अतिशय सभ्य. कुठल्या गावचा ते आजही माहीत नाही. मला ताई म्हणतो. आम्ही दोघांनी खूप वाद घातले. नुसतं मुखपृष्ठ बदललं तर ती नवी आवृत्ती धरायची की जुनीच? मी म्हटलं, नवी. कारण ज्या घरानं छापलं त्या घराच्या दुःखाची ती स्वतंत्र छपाई आहे. त्यानं मानलं. मग या पुस्तकांसाठी नियम लिहायची वेळ आली. ते मी लिहिले, दोनच. पहिला: समया लावलेल्या फोटोतली व्यक्ती मृत समजावी, पुस्तक तिच्या स्मरणार्थ आहे, ती लेखक नव्हे. दुसरा: आतल्या पानावर त्या व्यक्तीचा जीवनपट छापलेला असतो, तो पुरावा म्हणून धरावा. कारण साध्या माणसांवर वर्तमानपत्रं लिहीत नाहीत, आणि गंधमुक्तीला अख्ख्या भाऊबंदांसमोर कोणी खोटं छापत नाही. नियम चांगले होते. अजूनही चांगलेच आहेत. तेच तर दुखणं आहे.

डझनभर कृतींची एक कृती झाली. खाली तिच्या आवृत्त्या ओळीनं लागल्या. लेखकाचा रकाना रिकामा झाला, आणि त्यात सगळ्यांच्या संमतीनं 'अज्ञात' आलं.

माय तेव्हा मोतीबिंदूच्या तपासणीसाठी माझ्याकडे आली होती. डोळ्यांत औषध घालून बसली होती, तरी विचारलंच, "हाई काय करी ऱ्हायनी तू?" मी तिला वांग्याच्या भरताचं उदाहरण दिलं. भरीत ही कृती. आपल्या घरी यंदा केलं ती आवृत्ती, शेजारणीनं जास्त मिरची घालून केलं ती वेगळी आवृत्ती. तुझ्या ताटात पडलं ती प्रत. तिला ते एका झटक्यात कळलं. माझ्या कॉलेजच्या प्राध्यापकांना कळायला दोन बैठका लागल्या होत्या, पण त्यांना कोणी जेवायला घातलं नव्हतं.

मग ती म्हणाली, "आनि पह्यलं भरीत कोनी करं?"

मी म्हटलं, त्यासाठी वेगळा रकाना असतो.

"मन्या भजननं काय लिखेल शे तठे?"

मी खोटं बोलू शकले असते. तिला दिसत तर नव्हतंच. पण मी वाचलं, "अज्ञात." तिनं अर्थ विचारला. मी म्हटलं, म्हणजे कोणी रचलं ते माहीत नाही.

तिनं गालावर ओघळलेलं औषध पदरानं टिपलं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तुले तं म्हाईत शे ना?"

त्या वाक्यानं मला कोंडून टाकलं. मला माहीत होतं, पण माझं माहीत असणं तिथं चालत नाही. लेक आईबद्दल सांगते, याला पुरावा म्हणत नाहीत. छापलेलं दाखवा म्हणतात. छापलेल्या सगळ्या पुस्तकांत तर तिचं नावच नव्हतं. लोकांची पुस्तकं मी रोज ओळीनं लावते, आणि घरातल्या एकीचं नाव मला लावता येईना. रोज दुपारी तो रकाना उघडायची, बघायची आणि बंद करायची.  मायनं आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते हे.

शेवटी ठरवलं. तिच्या नावाचं पुस्तक नसेल तर छापायचं. नवी आवृत्ती. मुखपृष्ठावर तिचा फोटो, तिचं नाव, खाली 'लेखिका', आणि आत तिची माहिती.

भावाला सांगितलं तर तो ताडकन उठला. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? ते पुस्तक कधी निघतं माहिती आहे ना? जित्या माणसाचा फोटो घालतात का त्याच्यावर?"

"मग केव्हा घालायचा?"

 उत्तर आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. माय गेली की तो स्वतः छापखान्यात जाईल, तिचा फोटो देईल, आणि तिच्याच गंधमुक्तीला तिचीच भजनं वाटली जातील. तिचं नाव मुखपृष्ठावर येईल खरं, पण स्मरणार्थ. माझ्याच नियमानं ती लेखिका नसेल.

निकाल मायनंच लावला. ओट्यावर दाणे निवडत होती, तिथूनच म्हणाली, "छाप. फोटो मन्हा शे, भ्यास तू का बरं?"

मी धुळ्याला गेले. छापखाना तोच, म्हातारबा गेले, आता मुलगा बसतो. मी फोटो पुढं ठेवला तसा त्यानं चेहरा पाडला. "कधी गेल्या?" मी म्हटलं, अहो, जिवंत आहेत, दाणे निवडतायत. तो गोंधळला. त्याला नीट सांगितलं. नावामागचं 'कै.' काढा, 'स्मरणार्थ' काढा, 'शोकाकुल'चं पान काढा, आणि नावाखाली 'लेखिका' टाका. त्यानं मान डोलावली आणि मोबाइलवर आतली पानं पाठवली. मी एकेक अक्षर तपासलं. मुखपृष्ठाचं तो म्हणाला, नेहमीचंच आहे, त्यात काय बघायचं? मलाही वाटलं, त्यात काय बघायचं?

गठ्ठे पारोळ्याला पोहोचले. त्यानं सगळं काढलं होतं, सांगितलेलं एकूण एक. समया राहिल्या होत्या.

मायच्या दोन बाजूंना दोन पेटलेल्या समया. मला शरमेनं मेल्यासारखं झालं. माय म्हणाली, उजेड पडेल शे, बरं दखास; म्हणजे छान दिसतं. आणि मी काही करायच्या आत तिनं मंडळातल्या बायांना पुस्तकं वाटूनही टाकली. त्यांना काही वाटायचा प्रश्न नव्हता, माय त्यांच्यासमोर बसून टाळ वाजवत होती. पण त्यांतल्या एकीच्या पिशवीतून एक प्रत पाचोऱ्याला गेली, तिथून दुसऱ्या घरी, तिसऱ्या घरी. तिथं पुस्तकासोबत माय नव्हती. नुसता फोटो, दोन समया आणि चुलीचं भजन. आमच्याकडच्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. 'लेखिका' हा शब्द कोण वाचतो?

पाचोऱ्याची फुई, म्हणजे वडिलांची बहीण, सकाळच्या एस.टी.नं आली. मी सुट्टीची पारोळ्यालाच होते. गल्लीच्या तोंडाशीच तिनं पदर तोंडाला लावला आणि हेल काढला, "मन्ही भावजाई गई वं..." सोबत तिच्या दोन सुना, त्याही सुरात. माय ओट्यावर बसली होती. तिनं मान वर केली नि घाबरून विचारलं, "काय व्हयनं वं? कोन गयं?"

फुईचा हेल अर्ध्यावर तुटला. मोठी सून मटकन पायरीवर बसली.  मग फुईनं मायला एक चापट मारली, चांगली जोरात, आणि गळ्यात पडून खरोखरीचं रडली.

मायनं चहाचं सांगितलं तर फुई घेईना. दारवर आलं, म्हणजे मयताच्या घरी भेटायला आलं, की त्या घरचा घोट घ्यायचा नसतो आणि परत जाऊन अंघोळ करायची असते. "पन कोनी मरेलच नई शे," माय म्हणाली. फुई म्हणाली, नसू दे, मी तर रडत आले ना. आणि तीन बाया पाणीही न पिता उलट्या पावली पाचोऱ्याला अंघोळीला गेल्या.

दिवसभर भावाचा फोन वाजत होता. तो बिचारा प्रत्येकाला सांगत होता, नाही हो, आहे, बरी आहे, हे काय इथंच आहे. संध्याकाळी माझ्यासमोर त्यानं हातच जोडले. "तुझ्या पाया पडतो, सगळी पुस्तकं परत आण. आता काही छापू नको, उद्या पेपरात छापून आणायला कोणा पत्रकाराला दारात आणू नको. म्हातारीला जिवंतपणी किती वेळा मारशील?" मला राग आला आणि रडूही आलं, कारण तो चुकीचं काहीच बोलत नव्हता. पण प्रत परत आणता येते, आवृत्ती परत आणता येत नाही. ती निघाली की निघाली.

आणि ती कोठारातही गेली होती. पुस्तक आलं त्याच दिवशी मी हौसेनं मुखपृष्ठ नि पहिलं पान चढवलं होतं, मायच्या नावाचं नवं पान काढलं होतं आणि लेखकाच्या रकान्यातलं 'अज्ञात' पुसून तिथं तिचं नाव लावलं होतं. जळगावला परतून पाहिलं, तर नाव होतं. कोणी काढलं नव्हतं. पण तिच्या नावाच्या पानावर आमच्या त्या सभ्य सोबत्यानं भर घातली होती: 'मृत'. पुरावा म्हणून मुखपृष्ठ. नियम पहिला.

मी ते तत्काळ पुसलं आणि लिहिलं, या व्यक्ती जिवंत आहेत, ही माझी आई आहे.

त्याचं उत्तर दुपारीच आलं. आधी क्षमा मागितली, मनापासून. मग लिहिलं: ताई, अडचण अशी आहे की हे पुस्तक स्मरणार्थ आहे असं धरून मी आतली माहिती जीवनपट म्हणून मान्य केली होती, आपल्या दुसऱ्या नियमानं. लेखिका म्हणून त्यांचं नाव त्याच आधारावर उभं आहे. त्या जिवंत असतील, तर हे पुस्तक त्यांनी स्वतः स्वतःबद्दल छापून घेतलं असं होईल. जिवंत माणसाचा स्वतःबद्दलचा दावा, स्वतः छापलेला, इथं कोणाचाच चालत नाही. मग लेखिकेचं नावही काढावं लागेल. दोन्ही ठेवू या किंवा दोन्ही काढू या. आपण सांगाल तसं.

मी भांडले. म्हटलं, पारोळ्याला या, माय स्वतःच्या हातानं चहा पाजेल. त्यानं लिहिलं, चहा पुरावा म्हणून लावता येत नाही ना, ताई. पुढं हसरा चेहरा. मला तो मोबाइल भिंतीवर आपटावासा वाटला. पण त्याचं एक अक्षर चूक नव्हतं. त्याच्या जागी मी असते तर हेच लिहिलं असतं; खरं तर ते मीच लिहून ठेवलं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी गत. समया काढून पुन्हा छापलं तरी तोच दावा, पुन्हा तीच अडचण. पेपरात कोणी लिहिलं असतं तर चाललं असतं, पण त्यासाठी भावानं आधीच हात जोडले होते. जिवंत ठेवू तर अज्ञात, आणि लेखिका ठेवू तर मेलेली.

मी पुढच्या रविवारी पारोळ्याला गेले आणि मायला हे सगळं सांगितलं. तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन तोवर झालं होतं. तिनं मोबाइल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. आपलं नाव कुठं आहे ते विचारलं. मी बोट ठेवून दाखवलं. मग तो दुसरा शब्द कुठं आहे ते विचारलं. तोही दाखवला.

मी म्हटलं, माय, तू सांग. एक ठेवता येत नाही. काढायचं तर दोन्ही काढावं लागेल. मला हे असलं लिहिलेलं बघवत नाही.

तिनं नावावरून बोट फिरवलं, तसा पडदा सरकला आणि नाव वर निघून गेलं. तिनं ते परत खाली आणायला लावलं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "मरेल शे तं मरेल शे. जित्ती व्हतू तवय नाव कोनी लिखं?"

भाऊ दारात उभा होता. त्यानं ते ऐकलं आणि आत निघून गेला.

मी माझी हरकत मागे घेतली. सोबत्यानं आभार मानले. जगाच्या त्या कोठारात माझी माय आता लेखिका आहे आणि मेलेली आहे. पारोळ्याला फोन केला की तीच उचलते.